साक्री तालुक्यात सापडणारे चमत्कारिक दगड आणि त्यांची पारख

विहिरीचे खोदकाम माती आणि मुरूम ओलांडून कातळात शिरले म्हणजे सुरुंगाच्या प्रत्येक पाळीनंतर डबर वर येऊ लागतो. त्या डबरात एखादे वेळी असा दगड हाती लागतो की, काम क्षणभर थांबते. दगड फुटलेला असतो आणि त्याच्या पोटात पांढऱ्याशुभ्र दातांची ओळ बसविल्यासारखी दिसते. दुसरीकडे माळाची जमीन नांगरताना फाळाला अडखळून एक वाटोळा गोळा वर येतो. त्यावर अंड्याच्या टरफलासारखे कवच असते. कोठे दगडाच्या पातळ चिपेवर नेच्याचे पान उमटलेले दिसते, तर कोठे पावसाळ्यानंतर नदीची दरड ढासळून हाडासारखा तुकडा उघडा पडतो. सायंकाळपर्यंत ही वार्ता गावभर होते. कोणी त्या वस्तूला शेंदूर लावतो, कोणी आत काय आहे हे पाहण्यासाठी तिच्यावर घण घालतो, आणि दोन दिवसांत ती लाखो रुपयांना विकून देतो असे सांगणारा एखादा मनुष्यही दारात येऊन उभा राहतो.

अशा वेळी गावकऱ्यांची पहिली विचारणा बहुधा ग्रामस्तरीय कार्यकर्त्याकडे होते. तो भूगर्भशास्त्रज्ञ नसतो व त्याने तसे असावे अशी अपेक्षाही नाही. परंतु वस्तूची प्राथमिक पारख कशी करावी, कोणता दगड निर्धास्तपणे बाजूला ठेवावा आणि कोणत्या वस्तूला हात न लावता वर कळवावे, एवढे त्याला ठाऊक असल्यास मोठी हानी टळते. ही हानी दोन प्रकारची असते. सामान्य दगडाच्या मोहाने शेतकऱ्याचा पैसा जातो ही एक. आणि खरोखर मोलाचा अवशेष सामान्य समजून फोडला जातो ही दुसरी. पहिलीची चर्चा होते. दुसरीचा कोणाला पत्ताही लागत नाही.

पारखीचा मुख्य नियम असा की, वस्तू कशासारखी दिसते हे नंतर पाहावे. ती कोठे व कोणत्या थरात सापडली हे आधी विचारावे. साक्री तालुक्यात तर ह्या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्म्याहून अधिक निर्णय होतो. त्याचे कारण येथील भूमीच्या घडणीत आहे.

भूमीची घडण

दख्खनच्या पठाराचा हा सर्व काळा खडक एके काळी वितळलेला रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून त्यांतून हा लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी ही रचना आहे. डोंगराच्या उतारावर ज्या पायऱ्या पायऱ्या दिसतात त्या ह्याच थरांच्या होत. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश ह्या खडकाने व्यापलेला आहे, आणि साक्री तालुका त्याच्या अंतर्भागात येतो. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत ह्याशिवाय आणखी एक विशेष आढळतो. जुन्या थरांना चिरीत वर आलेला रस भेगांतच थिजून उभ्या दगडी भिंती तयार झाल्या आहेत. मऊ खडक झिजून गेला आणि ह्या भिंती कोस दोन कोस लांबीच्या सरळ कण्यांसारख्या शिल्लक राहिल्या. साक्री, दहिवेल, निजामपूर ह्या बाजूंना प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीस त्या सहज पडतात. शास्त्रात त्यांना भित्तिखडक म्हणतात.

बाहेर पडताना ह्या रसाचे उष्णतामान हजार अंश सेल्सियसच्या पुढे असते. अशा रसात सापडलेला प्राणी किंवा वनस्पती जळून जाते. तिचे हाड अगर पान टिकण्याचा संभव जवळजवळ नसतो. म्हणून सलग काळ्या कातळाच्या पोटातून निघालेली वस्तू कितीही हुबेहूब दिसली तरी ती एके काळी जिवंत होती असे मानण्यास आधार नाही. तो आकार खडकानेच घडविलेला असतो.

ह्या नियमाला दोन अपवाद आहेत व ते नीट ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला अपवाद दोन थरांमधील सांध्याचा. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षे लोटत. त्या अवधीत पृष्ठभागावर माती तयार होई, खोलगट जागी तळी साचत, त्यांत गोगलगायी, मासे, बेडूक वाढत आणि काठाला झाडे उगवत. पुढचा लाव्हारस आला की हे सर्व गाळासह त्याखाली गाडले जाई. मुंबईच्या वरळी टेकडीवरील अशाच गाळाच्या थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले आणि रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनऱ्याने असेच अवशेष गोळा केले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे गारगोटीत रूपांतर झालेली फळे व ताडवर्गीय झाडांचे भाग मिळाले असून बिरबल साहनी ह्या भारतीय शास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला होता. असे थर पठाराच्या कडांना अधिक व मध्यभागी विरळ आहेत. साक्रीच्या विहिरींत दोन कातळांमध्ये बहुधा वीतभर ते हातभर जाडीची तांबडी, भाजल्यासारखी माती तेवढी लागते. तरीही त्या सांध्यात राखी किंवा पांढरट, पानापानांनी सुटणारा गाळाचा दगड लागल्यास तो मात्र डोळ्यांखालून घालावा.

दुसरा अपवाद नदीकाठच्या गाळाचा. पांझरा, कान व बुराई ह्या नद्यांच्या तालुक्यात तोच अधिक महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

अंड्यासारखे गोळे

सर्वांत अधिक गोंधळ ह्या गोळ्यांनी होतो. त्यांची उत्पत्ती समजून घेतल्यास तो राहणार नाही. काळा कातळ थंड होताना आकसतो व त्याला उभ्या आडव्या भेगा पडतात. ह्या भेगांमुळे त्याचे चौकोनी ठोकळे होतात. पावसाचे पाणी भेगांतून शिरते आणि ठोकळ्याला सर्व बाजूंनी कुजवू लागते. कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मारा होत असल्यामुळे कोपरे आधी जातात आणि चौकोनी ठोकळा हळूहळू वाटोळा होतो. बाहेरचा भाग पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो, आत टणक गाभा राहतो. कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ही रचना अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रस्त्यासाठी मुरमाची दरड कापली असेल तेथे असे शेकडो गोळे एकमेकांना लागून बसलेले दिसतात. नांगराला लागणारा एकटा गोळा हा त्यांच्यापैकीच सुटलेला एक असतो.

डायनासोर नावाच्या प्रचंड सरड्यांच्या अंड्यांची वार्ता वर्तमानपत्रांतून वारंवार येत असल्यामुळे ह्या गोळ्यांना अलीकडे नवा मान मिळाला आहे. ती वार्ता खोटी नाही. साक्रीच्या उत्तरेस सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात गेले म्हणजे मध्य प्रदेशातील धार जिल्हा लागतो. तेथे ९२ घरटी व २५६ अंडी आढळल्याचा शोधनिबंध २०२३ च्या जानेवारी महिन्यात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस असेही वृत्त आले की, त्या जिल्ह्यातील पाडल्या गावचे शेतकरी शेताचे व गुरांचे रक्षण करणारा काकड भैरव म्हणून ज्या वाटोळ्या दगडांची पूजा करीत आले, ते दगड तज्ज्ञांच्या पाहणीत डायनासोरची अंडी ठरले. हे ऐकून साक्रीच्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरचा गोळा उचलून पाहावा, हे स्वाभाविक आहे. परंतु धार जिल्ह्यातील अंडी लाव्हाच्या खडकात नाहीत. लाव्हा येण्यापूर्वी तेथे नद्यांचा व तळ्यांचा गाळ साचून जो चुन्याचा व वाळूचा खडक बनला, त्यात ती आहेत. नर्मदेच्या खोऱ्यात वरचा लाव्हा झिजून हा खालचा खडक उघडा पडला आहे. साक्रीत वरचा लाव्हाच शेकडो मीटर जाडीचा शिल्लक आहे. तेव्हा येथील माळावरचा गोळा अंडे नसतो.

तरीही शंका राहिल्यास गोळ्याच्या फुटलेल्या बाजूकडे पाहावे. मुद्दाम फोडू नये. कुजलेल्या कातळाच्या गोळ्यास एकाखाली एक अनेक पापुद्रे असतात, त्यांची जाडी सारखी नसते, आणि आतील गाभा व बाहेरील पापुद्रा एकाच जातीच्या दगडाचा असतो. अंड्यास कवच एकच असते. ते फार तर काही मिलिमीटर जाडीचे व सर्वत्र जवळजवळ सारखे असते, आणि आत भरलेला दगड कवचाहून स्पष्टपणे निराळा दिसतो.

ह्या संबंधात खानदेशातीलच एक उदाहरण विशेष बोधप्रद आहे. चाळीसगाव तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणे येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे श. अ. साळी ह्यांनी उत्खनन केले. त्यात अश्मयुगीन माणसाच्या हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे व त्या कवचापासून केलेले मणी मिळाले. एका तुकड्यावर रेघांची नक्षीही कोरलेली आहे. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. शहामृग आज भारतात रानटी अवस्थेत नाही. एके काळी तो खानदेशात होता, हे ह्या नखाएवढ्या कवचांनी सिद्ध केले. म्हणजे खानदेशात अंड्याचा जो पुरावा निघाला तो वाटोळ्या गोळ्याचा नव्हता. फुटक्या खापरीसारखी दिसणारी ती बारीक चकती होती. ती कोणाच्याही पायाखाली जाण्याजोगी वस्तू होती.

दात, फुले आणि पेंढ्या

विहिरीच्या कातळात सापडणारे पांढरे, गुलाबी अगर हिरवट स्फटिक हा दुसरा वर्ग होय. लाव्हारसात वायू मिसळलेला असतो. रस पसरताना हा वायू वर येऊ पाहतो आणि रस थिजला म्हणजे त्याचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने अडकून राहतात. पुढे ह्या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपते व त्यातील द्रव्ये भिंतींवर बसून स्फटिक वाढतात. स्टिल्बाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक मध्ये आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे दिसतात. स्कोलेसाइटच्या बारीक सुया एका बिंदूपासून चहूकडे फाकून फुलासारखी रचना करतात. कॅल्साइटची टोके सुळ्यांसारखी असतात, आणि गारगोटीच्या जातीचे स्फटिक ओळीने बसले म्हणजे जबडा पाहिल्याचा भास होतो. लहान पोकळी पूर्ण भरली असल्यास बाहेरचा मऊ खडक झिजून आतील गोटी मोकळी होते. बदाम, सुपारी, कबुतराचे अंडे अशा नाना आकारांच्या ह्या गोट्या नाल्यांत मिळतात. अकीकाच्या गोटीत एकाभोवती एक वलये असल्यास तिला डोळा समजतात.

ह्यांची परीक्षा सोपी आहे. स्फटिकांस सपाट, चकाकणारे पैलू असतात. दातास अगर हाडास तसे पैलू कधीच नसतात. गारगोटी काचेवर ओरखडा उमटविते व चाकूने स्वतः ओरखडली जात नाही. कॅल्साइट चाकूने सहज ओरखडते आणि त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकल्यास बारीक फेस येतो. स्टिल्बाइटादी वर्गावर असा फेस येत नाही. सुंदर स्फटिकांना संग्राहकांकडून किंमत येते हे खरे. जळगाव व नाशिक जिल्ह्यांतील खाणींतून निघालेले नमुने देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. पण ती किंमत स्फटिकाच्या अखंडपणाची व सौंदर्याची असते. सुरुंगाने खिळखिळ्या झालेल्या तुकड्यास ती येत नाही. मणी, नागमणी अथवा दैवी दात म्हणून त्याचा सौदा करणारा मनुष्य फसवीत आहे असे निःशंक समजावे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या पोकळ्यांचे मोल निराळेच आहे. पोकळ्या बहुधा लाव्हाच्या थराच्या माथ्याकडे दाटीने असतात. विहीर खोदणारे जाणते लोक ह्या ठिपकेदार खडकास मांजऱ्या म्हणतात. तो कुजलेला व भेगाळ असल्यास त्यात पाणी मुरते व साठते. त्याखालचा सलग काळा पाषाण मात्र भेगा नसतील तर कोरडा निघतो. विहिरीत स्फटिकांच्या पोकळ्या कोणत्या खोलीवर लागल्या, तांबडी माती कोठे लागली आणि पाण्याचा झरा कोठे फुटला, ह्यांची नोंद ठेवणारा शेतकरी शेजाऱ्याच्या पुढील विहिरीस फार उपयोगी पडतो. भित्तिखडकाचेही असेच आहे. तो सलग असल्यास जमिनीखालून वाहणारे पाणी अडवून धरतो, भेगाळ असल्यास त्याच्या कडेने पाणी वाहून नेतो. म्हणून एकाच शिवारात भिंतीच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी असा प्रकार घडतो. विहिरीची जागा निवडताना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा तो ह्यासाठी.

पाने आणि लाकूड

दगडाच्या भेगेवर उमटलेले काळे नेचे किंवा शेवाळ हे वनस्पतीचे चिन्ह नसते. मँगनीजचे द्रव्य असलेले पाणी बारीक फटीतून पसरताना फांद्याफांद्यांचे असे नक्षीकाम करते. खऱ्या पानास मधली शीर असते, तिच्यापासून उपशिरा ठरावीक क्रमाने निघतात आणि पानास निश्चित कड असते. मँगनीजच्या नक्षीत शीर नसते, कड नसते, व ती बहुधा फटीच्या काठापासून आत वाढत गेलेली दिसते.

लाकडाचा भास भित्तिखडकांमुळे होतो. रस थंड होताना त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब बनतात, आणि हे खांब थंड होणाऱ्या पृष्ठाशी काटकोनात असतात. सपाट पसरलेल्या थरात ते उभे असतात. उभ्या भिंतीत ते आडवे पडतात. त्यामुळे लांबून पाहणाऱ्यास ओंडक्यांची रास रचून ठेवली आहे असेच वाटते. अश्मीभूत लाकूड महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात वडधम येथे त्याचे उद्यान केलेले आहे. परंतु ते खडक लाव्हाहून पुष्कळ जुने व गाळाचे आहेत. लाकडास रेषा व वर्षावलये असतात, ती भिंगातून दिसतात. दगडी खांबाच्या तोडलेल्या तोंडावर नुसते काळे कण दिसतात.

चुनखडीची मुळे व हाडे

काळ्या जमिनीत आणि नदीकाठच्या पिवळट मातीत चुनखडीचे खडे विपुल असतात. जमिनीतील पाणी वर ओढले जाऊन आटते आणि त्यातील चुना जागच्या जागी बसतो, त्याचे हे खडे होत. वाळलेल्या मुळाभोवती चुना बसल्यास पोकळ नळी तयार होते. अशा नळ्यांना फाटे फुटलेले असतात, काही मध्येच जाड व टोकाला निमुळत्या असतात. बोटाचे हाड, बरगडी, सापाचा सांगाडा अशा कल्पना त्यांवरूनच निघतात. खड्याचा कण खरवडून त्यावर लिंबाचा रस किंवा सौम्य आम्ल टाकले की फेस येतो. आतून तो खडा सर्वत्र पिठूळ व एकजिनसी असतो.

ही ओळख पटल्यावर खडे फेकून देऊन प्रश्न संपत नाही. ज्या थरात असे खडे दाट आहेत त्या जमिनीत मुक्त चुन्याचे प्रमाण अधिक असते. तेथे पिकास लोह व जस्त पुरेसे मिळत नाही, स्फुरदही अडकून पडते. भुईमुगाची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून मध्ये पिवळी पडतात. मोसंबी किंवा डाळिंबाची बाग लावण्यापूर्वी मीटरभर खोल खड्डा घेऊन चुनखडीचा थर किती खाली आहे ते पाहिलेच पाहिजे आणि मातीचा नमुना तपासून घेतला पाहिजे. बाग लावल्यावर पाचव्या वर्षी हे कळून उपयोग नसतो. जे हाड म्हणून दाखवावयास आणले त्यावरून जमिनीचा दोष कळला, असे झाल्यास तो दगड व्यर्थ सापडला असे म्हणता येणार नाही.

नदीची दरड

पांझरेच्या काठी फडाचे जुने बंधारे व पाट असलेल्या शिवारात, तसेच कानेच्या व बुराईच्या दरडींत, उंच मातीखाली गोट्यांचा व वाळूचा थर दिसतो. पुष्कळ ठिकाणी तो चुन्याने इतका घट्ट सांधलेला असतो की कुदळ उडते. हा थर लाव्हाचा नाही. नदीने तो गेल्या काही हजार ते लाख-दीड लाख वर्षांत वाहून आणून टाकला आहे. ह्या काळात दख्खनमध्ये रानटी हत्ती, गवे आणि पाणघोडे वावरत होते, व त्यांची हाडे अशाच थरांत मिळतात. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात हत्तीचे अवशेष मिळाले व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पिलग्रिम ह्यांनी १९०५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तापी खोऱ्यातील नद्यांच्या दरडींकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

अडचण अशी की, ह्या थरातील खरी वस्तू दिसावयास सुंदर नसते. ती मळकट, तुटकी, गोट्यांच्या जातीचीच भासते. तिची काही लक्षणे सांगता येतील. हाड ताज्या हाडापेक्षा जड असते. फुटलेल्या तोंडावर बाहेर घट्ट कवच व आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते. ही जाळी चुनखडीत किंवा कातळात नसते. कातळातील बुडबुड्यांची छिद्रे एकमेकांपासून सुटी व लहानमोठी असतात. हाडाची जाळी सलग असून एका दिशेने ओढल्यासारखी असते. सांध्याकडील टोक गुळगुळीत व फुगीर असते. दातावर चकचकीत कवच टिकून असते. हत्तीची दाढ तर वीतभर लांबीची असू शकते व तिच्या चावण्याच्या बाजूवर आडव्या पट्ट्यांची रांग असते. पाटा टाकीने टाकवून घेतल्यावर जसा दिसतो तशीच ती दिसते. अशी दाढ दगड म्हणून बांधात घातली जाणे अगदी शक्य आहे.

कुरूप वस्तूही किती मोलाची ठरू शकते ह्याचे एक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील आहे, आणि ते शेतीशी निकट संबंध असलेले आहे. वरोडा तालुक्यातील पिसदुरा येथे लाव्हापूर्व गाळाच्या थरात डायनासोरच्या हाडांबरोबर त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. आडवेतिडवे, तपकिरी, कोणीही लाथेने उडवावे असे ते असतात. त्यांच्या अंतर्भागात वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे वाळूचे अतिसूक्ष्म कण टिकून होते. त्यांच्या आकारावरून २००५ साली असे दाखविण्यात आले की, डायनासोरच्या काळी गवत अस्तित्वात होते व ते प्राणी ते खात होते. तोपर्यंत गवताचा उदय त्यानंतरचा समजला जात असे. २०११ साली त्याच ठिकाणच्या गोळ्यांत भाताच्या कुळाशी जुळणारे कण ओळखण्यात आले. बाजरी, ज्वारी, मका, गहू, भात ही सर्व पिके गवताच्याच जातीची. त्यांच्या पूर्वजांचा हा जुना दाखला विदर्भातील शेतात पडलेला होता.

गाळात माणसाच्या हातच्या वस्तूही निघतात. अकीकाची धारदार पाती, मुद्दाम टवके काढलेले दगड, शंखाचे मणी, जाड खापरे ह्यांना जीवाश्म म्हणत नाहीत, पण त्यांचे महत्त्व कमी नाही. साक्री तालुक्यातीलच कावठे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८० नंतरच्या दशकात उत्खनन केले आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. नाणी, दागिने अथवा पुरून ठेवलेले द्रव्य मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे.

वस्तू मिळाल्यावर

वस्तू सलग कातळातील असल्यास घाईचे कारण नाही. ती घरी ठेवावी, मुलांस दाखवावी, शाळेस द्यावी. ती तांबड्या सांध्यातील गाळाच्या दगडातून किंवा नदीच्या दरडीतून आलेली असल्यास मात्र त्या जागचे काम थांबवून आधी जागेचे व वस्तूचे छायाचित्र घ्यावे. हल्ली भ्रमणध्वनी प्रत्येकाजवळ असतो. छायाचित्रात वस्तूशेजारी फूटपट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे आकारमान कळते. एक छायाचित्र दूर उभे राहून संपूर्ण दरडीचे घ्यावे, कारण तज्ज्ञास वस्तूपेक्षा थर पाहावयाचा असतो. गट क्रमांक, जमिनीपासून खोली, वरचा व खालचा थर आणि दिनांक कागदावर लिहून ठेवावा.

हाड जमिनीत रुतलेले असल्यास ते उपसू नये. शतकानुशतके ओलाव्यात राहिलेले हाड उन्हात काही तासांत तडकते व भुगा होते. त्यावर तीच माती टाकून ते झाकावे व वर पालापाचोळा घालावा. पावसाचे अगर पुराचे भय असेल तरच ते खालच्या मातीच्या ढेकळासह उचलावे, कागदात व जुन्या सुती कापडात गुंडाळावे आणि सावलीत हळूहळू वाळू द्यावे. धुऊ नये, तारेच्या ब्रशाने घासू नये, तुकडे डिंकाने जोडू नयेत, आणि लिंबाच्या रसाची परीक्षा वस्तूवर न करता शेजारच्या खड्यावर करावी. शेंदूर व तेल एकदा छिद्रांत शिरले की निघत नाही. गावकऱ्यांची श्रद्धा असल्यास ती दुखवू नये. तज्ज्ञ पाहून जाईपर्यंत फुले वाहावीत, शेंदूर राहू द्यावा, एवढी विनंती बहुधा मान्य होते.

वार्ता तहसीलदारांस व तालुका कृषी अधिकाऱ्यांस लेखी द्यावी. जीवाश्मांच्या बाबतीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नागपूर व पुणे येथील कार्यालय आणि प्राचीन वस्तूंच्या बाबतीत डेक्कन कॉलेज ही योग्य स्थळे आहेत. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ व त्याचे संग्रहालय जवळ असल्याने प्रथम विचारपूस तेथेही करता येते. वस्तू कोणाही मध्यस्थाच्या स्वाधीन करू नये. ती अधिकृत संस्थेस द्यावयाची झाल्यास पावती घ्यावी व पावतीत सापडल्याचे ठिकाण लिहून घ्यावे, कारण ठिकाण हरवलेल्या हाडाचा शास्त्रास फारसा उपयोग नसतो. विहिरीचा किंवा पाटाचा डबर रस्त्यावर पसरण्यासाठी ट्रॅक्टर भरण्यापूर्वी गाळाच्या थरातील ढीग वेगळा काढून एक पाऊस त्यावर जाऊ द्यावा. माती धुऊन गेल्यावर त्यातील वस्तू डोळ्यांना आपोआप दिसतात.